रेगेबाईंची पहिली प्रत

रेगेबाईंनी आपल्या कॉम्प्युटरला रिक्षाचा आरसा लावला होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, तारेने घट्ट बांधलेला. टाईप करताना मागे कोण येऊन उभं राहतं ते त्यांना त्यात दिसायचं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दार उघडंच होतं. त्या वळल्या नाहीत. आरशात बघूनच म्हणाल्या, "सी विंगच्या पेडणेकरबाई ना? पुढे येऊन बसा. मागे उभं राहिलेलं मला चालत नाही."

ज्या बाईला एवढं लपवायचंय ती सरळ नसणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

मी काही गप्पा मारायला गेले नव्हते. चोर पकडायला गेले होते. मीरा रोडला शांती नगरमध्ये आमची सोसायटी आहे, तीन विंगा, बेचाळीस घरं. सोसायटीला दोन फाटकं. पुढचं मोठं, गाड्यांचं. बाहेर पडलं की थेट रस्ता, रिक्षांची रांग, फुटपाथवर भाजीवाले. मागचं फाटक माणसापुरतं, ते गल्लीत उघडतं. गल्लीत वर्दळ नाही, बसायला कट्टा आहे. माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेलेले. सकाळ-संध्याकाळ काठी टेकत ते मागच्या फाटकातून गल्लीत जायचे, कट्ट्यावर बसायचे, परत यायचे. दिवसातलं त्यांचं काम ते एवढंच. ते फाटक कमिटीने बंद करायचं ठरवलं. तिथे भिंत घातली की चार गाड्यांची जागा निघत होती.

सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि बोलले. सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या महिन्यात सभेची मिनिट्स नोटीस बोर्डावर लागली. कोण काय बोललं त्याची नोंद म्हणजे मिनिट्स. त्यात लिहिलं होतं, मागील फाटक बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. माझं नाव नाही, माझं बोलणं नाही. मी चौथी शिकलेय, पण सर्वानुमते म्हणजे काय ते मला कळतं. सेक्रेटरी दळवींना विचारलं तर ते हसले. "मावशी, टेन्शन नका घेऊ. टायपिंगमध्ये राहून गेलं असेल. ते सगळं रेगे मॅडम करतात." भिंतीचं काम दिवाळीनंतर सुरू होणार होतं. मध्ये एक सभा होती. माझं बोलणं कागदावर आहे हे त्या सभेत दाखवता आलं नाही, तर नवरा घरात बसून राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी रेगेबाईंकडे गेले. भांडायला नाही. भांडले असते तर सावध झाल्या असत्या. मी सांगितलं, मला कॉम्प्युटरवर मराठी टाईप करायला शिकायचंय, भजनी मंडळाच्या याद्या करायच्यात. भजनी मंडळात मी कधी गेले नाही. आयत्या टाळ्या वाजवायला मला आवडत नाही.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "याद्या हाताने होत नाहीत?"

"अक्षर वाईट आहे."

"हं," म्हणाल्या. पटलं नव्हतं ते दिसत होतं. पैसे घेणार नाही म्हणाल्या. आठवड्यातून एकदा तिरफळं घातलेलं बांगडा माशाचं तिखलं द्यायचं, उपासाचे वार सोडून. त्यांना एकटीपुरतं करायचा कंटाळा होता. फुकट शिकवणारी बाई असती तर मी तिथूनच परत फिरले असते. तिखलं मागितलं म्हणून बसले.

रेगेबाई तेव्हा सत्तरीला आल्या होत्या, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले. लग्न केलं नव्हतं. फोर्टात एका वकिलांच्या कचेरीत त्या चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. शेवटी शेवटी कचेरीने टाइपरायटर भंगारात काढले आणि कॉम्प्युटर आणले, तेव्हा ह्या पन्नाशी ओलांडल्यावर नव्याने शिकल्या. टेबलाशी बसण्याआधी साबणाने हात धुवायच्या, बांगड्या काढून वाटीत ठेवायच्या. मलाही तसंच करायला लावलं. आधी मला वाटलं, माझ्या पाटल्यांवर डोळा आहे. दोन-तीन दिवस मी पाटल्या घरीच ठेवून गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पडद्यावर नुसतं बघत बसवलं. वरची लांब पट्टी, तिच्यावरची नावं, खाली बारीक बारीक चित्रं. सगळं इंग्रजी. "वाचू नका," म्हणाल्या. "जागा लक्षात ठेवा. घरात दिव्याचं बटण वाचून लावता का?" फाईल म्हणजे कपाट, पान म्हणजे पोळपाट असलं काहीतरी त्या सांगायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं की मला बालवाडीसारखं शिकवू नका, जे आहे ते सांगा. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर पोळपाट आला नाही.

कीबोर्डवर त्यांनी माझ्यासाठी कागदाचे कपटे चिकटवले होते, प्रत्येकावर मराठी अक्षर. मी एका बोटाने टाईप करायचे. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. मला वाटलं, ही बाई कुठूनतरी माझ्या चुका काढतेय. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला मराठी येत नाही. ज्याला भाषा येत नाही तो सगळंच चूक म्हणतो. तिकडे लक्ष देऊ नका." एक दिवस वरची पट्टीच गायब झाली. नुसता पांढरा कागद आणि वर चार-पाच नावं. मी हात उचलून बसले आणि म्हटलं, तुम्ही काहीतरी केलंत. त्या म्हणाल्या, मी इथे मेथी निवडतेय, मी काय करणार. मग उठून आल्या आणि एका नावावर दोनदा टिचकी मारली. पट्टी परत आली. पुन्हा दोनदा मारली. गेली. "तुमचा हात दोनदा पडला. दिसत नाही म्हणजे चोरलं असं नसतं, पेडणेकरबाई." मला तो टोमणा लागला. पण मी गप्प बसले, कारण माझं काम व्हायचं होतं.

त्या स्वतः मात्र त्या यंत्रावर माझ्याहून जास्त संशय घ्यायच्या. "टाइपरायटरवर खोडलं तर कागदाला भोक पडायचं," त्या सांगायच्या. "साहेबाने काही फिरवलं तर कागद उजेडात धरला की दिसायचं. इथे काही दिसत नाही. काल काय होतं ते आज कुणाला कळत नाही. लबाडांसाठी फार सोयीचं आहे हे." म्हणून त्या कुठलाही कागद एकदा केला की त्याच्यावर दुसरं लिहीत नसत. प्रत्येक बदलाला नवी प्रत, नावापुढे एक, दोन, तीन. मलाही तेच शिकवलं. आणि वरचा मागे वळणारा बाण दाखवला. "चुकलं की हा बाण. गेलेलं परत येतं. बाण आहे तोवर घाबरायचं नाही. पण फाईल बंद केली की बाण मेला." बंद करताना मध्येच एक चौकोन येऊन प्रश्न विचारायचा. त्यातलं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, प्रश्न आला की पहिलं बटण. विचार करायचा नाही. लिहिलेलं राहतं.

कापून दुसरीकडे चिकटवायचं शिकवलं तेव्हा मी विचारलं, कापलेलं जातं कुठे? त्यांना तो प्रश्न आवडला. म्हणाल्या, "त्याच्या पोटात. पण पोट एका घासाचं आहे. दुसरा घास घेतलात की पहिला गेला." असं त्या बोलायच्या. चाळीस वर्षांत वकिलांनी त्यांना एकदाही काही विचारलं नसेल, म्हणून माझ्या मूर्ख प्रश्नांनाही त्या नीट उत्तर द्यायच्या, असा माझा अंदाज.

दोन महिने झाले. मी मोठी अक्षरं करायला शिकले, कागद छापायला शिकले. माझ्या वयाची बाई हे करते म्हणून ए विंगमधल्या दोघीजणी कौतुक करून गेल्या. मला कौतुकाशी कर्तव्य नव्हतं. मला ती फाईल हवी होती. पण रेगेबाई खुर्ची सोडून जायच्या नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, सोसायटीचे कागद तुम्हीच करता ना? त्या म्हणाल्या, "दळवी सांगतात, मी टाईप करते." आणि लगेच गॅसकडे गेल्या. मी मनात म्हटलं, टाळतेय.

सभेला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी मी गेले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. रेगेबाई पिशवी घेऊन दारातच उभ्या. "दूध आणते. तुम्ही बसा. फाईल उघडली की डावीकडे यादी येते, अलीकडच्या कागदांची. आज ती यादी बघा," म्हणाल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

मी यादी उघडली. सगळ्यात वर मराठीत लिहिलेलं होतं, सभा १, सभा २, सभा ३. आधी तीन नंबरचा उघडला. तो बोर्डावरचाच, सर्वानुमते. मग दोन. त्यात होतं, एका सभासदाने पर्यायी सूचना मांडली. मग एक. अक्षर फार बारीक होतं, पडद्याला नाक लावून वाचलं. माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, "श्रीमती पेडणेकर यांनी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, पुढच्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याला काठी टेकायला जागा नाही. मागचं फाटक बंद केलंत तर तो माणूस घरात बसून मरेल. मग त्याच्या तेराव्याला तुमच्या चार गाड्या उभ्या करा."

तेराव्याचं वाक्यही सोडलं नव्हतं. सभेत त्या वाक्यावर लोक हसले होते आणि दळवी म्हणाले होते, हे लिहू नका. या बाईने लिहिलं होतं.

मला ते नीट, मोठं करून वाचायचं होतं. सगळं निवडायचं, मग अक्षर वाढवायचं, हे मला येत होतं. सगळं निवडलं. पानावर निळा रंग पसरला. तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार वाजलं. मी दचकले आणि बोट कीबोर्डवर पडलं. पान पांढरं झालं. वर डाव्या कोपऱ्यात नुसता एक ग.

बाण आठवायला हवा होता. नाही आठवला. चोरी करताना पकडले जाणार एवढंच डोक्यात होतं. बंद करायच्या फुलीवर गेले. प्रश्नाचा चौकोन आला. विचार केला नाही. पहिलं बटण दाबलं.

लिफ्ट वरच्या मजल्यावर गेली होती. रेगेबाई त्यानंतर वीस मिनिटांनी आल्या. तोवर मी ती फाईल चार वेळा उघडून पाहिली. चारही वेळा ग.

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण त्या आत आल्या, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "वाचलंत?"

मी म्हटलं, "वाचलं आणि पुसलं." कसं पुसलं ते सांगितलं. भजनी मंडळाचंही सांगितलं.

त्या खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, "खालच्या डेअरीतून दूध आणायला अर्धा तास कुणाला लागतो, पेडणेकरबाई? मी जिन्यात बसले होते. मला वाटलं तुम्ही छापून घ्याल. छापायला शिकवलं होतं ना."

मग त्यांनी सांगितलं. सभेचं दळवींच्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकून त्या टाईप करायच्या, नंतर दळवी ते पुसून टाकायचे. दळवींनी त्यांना तीनदा ते पान करायला लावलं. पहिली छापील प्रत त्यांच्यासमोर फाडली. रेगेबाई भाडेकरू होत्या. घरमालक नागपूरला. दर अकरा महिन्यांनी करार, आणि त्याला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागायचं. ते पत्र दळवी देणार. "मला सभेत बोलायचा हक्क नाही. मी सभासद नाही. जे सांगतील ते टाईप करायचं." कॉम्प्युटरमध्ये पहिली प्रत ठेवली होती, तेवढीच त्यांची हिंमत. आणि ती मी पुसली होती. ज्या बाईने माझं बोलणं सांभाळून ठेवलं तिच्यावर मी दोन महिने पाळत ठेवली, आणि शेवटी माझ्याच बोटाने ते घालवलं. मी माफी मागितली नाही. मागून ते पान परत येणार नव्हतं.

"उठा," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसा. मी सांगते, तुम्ही टाईप करा."

त्यांना ते शब्दन्‌शब्द पाठ होतं. ज्या मजकुराला तीनदा हात लावला तो विसरत नाही, म्हणाल्या. मी एका बोटाने टाईप केलं, दोन तास लागले. त्यांनी एकाही बटणाला हात लावला नाही. वर अर्ज घातला, माझी हरकत नोंदवलेली नाही म्हणून. छापलं. मी सही केली. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "सभेची मिनिट्स मी टाईप केली. पहिल्या प्रतीत ही हरकत होती. ती काढण्यास मला सांगण्यात आले." आणि सही केली, पूर्ण नावाने.

मी म्हटलं, "तुमचं पत्र?"

"ते बघू."

"बघू म्हणजे काय? घरातून काढतील तुम्हाला."

"पेडणेकरबाई, माझ्या हातून चुकीचा कागद गेलाय. बोर्डावर लागलाय. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुमच्यासाठी करत नाहीये मी हे." तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, माझ्यावर उपकार होऊ नयेत म्हणून बोलतायत. आता वाटतं, खरंच असेल. त्यांना माझ्या नवऱ्याचं नावही माहीत नव्हतं.

सभेत मी तो कागद वाचून दाखवला. खालचं रेगेबाईंचंही वाचलं. दळवी म्हणाले, टायपिस्टच्या सहीला काय अर्थ आहे. तेव्हा बी विंगमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, म्हणजे मिनिट्सच्या तीन प्रती झाल्या होत्या का? दळवी म्हणाले, करेक्शन तो सब जगह होता है. झालं. लोक उठले. फाटकासाठी नाही. माझ्या नवऱ्यासाठी तर नाहीच. प्रत्येकाला आपलं बोलणं आठवलं. मी लिफ्टबद्दल बोललो होतो ते कुठे आहे? मैंने पानी का बोला था, वो लिखा क्या? तास-दीड तास तोच गोंधळ. शेवटी फाटकाचा ठराव मागे घेतला आणि पुढची मिनिट्स सभेत वाचून मगच बोर्डावर लावायची असं ठरलं. टाळ्या वाजल्या. रेगेबाई त्या वेळी वर आपल्या घरात होत्या. भाडेकरूंना सभेला बसू देत नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा करार संपला. कमिटीने कळवलं की यापुढे एकट्या व्यक्तीला घर भाड्याने देण्यास परवानगी नाही, तसं धोरण ठरलंय. एकटे भाडेकरू आमच्या सोसायटीत आणखी दोन होते. ते आजही आहेत.

मी अर्ज टाईप केला. रेगेबाईंना ना-हरकत पत्र द्यावं म्हणून. त्यांच्या घरी नाही, नातीच्या लॅपटॉपवर, एकटीने. तो घेऊन मी बेचाळीस दारं फिरले. तीन विंगा, दोन संध्याकाळी. चहा सगळ्यांनी विचारला. सह्या पाच मिळाल्या. सभेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतले एक म्हणाले, "मावशी, त्या बाई चांगल्याच आहेत. पण कमिटीशी कशाला वाकड्यात जायचं?" त्यांची सून रोज मुलाला मागच्या फाटकातून शाळेला नेते. मी त्यांना ते ऐकवलं. त्यांनी दार लावलं.

पाच सह्यांचा अर्ज मी रेगेबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. समास जास्त सोडलाय म्हणाल्या. बाकी ठीक आहे म्हणाल्या.

त्यांना नालासोपाऱ्याला एक खोली मिळाली. सामान न्यायला टेम्पो आला तो रविवारी. पुढे रिक्षांची रांग आणि आत गाड्या लावलेल्या, टेम्पो शिरेना. हमालांनी तो वळवून मागच्या गल्लीत आणला. सामान फार नव्हतं. एक कपाट, खाट, भांडी, आणि चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. तो त्यांनी हमालाला दिला नाही, स्वतः धरला. आमचे हे तिथेच होते, त्यांच्या फिरायच्या वेळेला. फाटक आपोआप मिटतं, म्हणून ते डाव्या हाताने धरून उभे राहिले, काठी भिंतीला टेकवून. सगळं सामान जाईपर्यंत धरलं.

रेगेबाई शेवटी आल्या. त्यांची ए विंग पुढे असल्यामुळे त्या कधी मागे आल्याच नव्हत्या. फाटकाशी थांबल्या. वरून खाली बघितलं, गंजलेल्या कडीला हात लावून बघितला.

"एवढंसंच आहे होय हे?" म्हणाल्या. "टाईप करताना मोठं वाटलं होतं."

मग कॉम्प्युटर आडवा धरून, अंग चोरून त्या बाहेर पडल्या.